खालीसर आणि वरचा झटका

माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आपले हाडांचे डॉक्टर, ज्यांनी या सभागृहातल्या निम्म्या लोकांचे गुडघे पाहिलेले आहेत. प्रमुख पाहुणे, वाद्यांच्या दुकानाचे मालक. आजचे सत्कारमूर्ती, आमचे गिटारचे मास्तर. काळे कपडे घालून समोर बसलेल्या मुलामुलींनो, त्यांच्या आईबापांनो, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या, म्हणजे मध्येच सटकायच्या तयारीने आलेल्या मंडळींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

काळे कपडे पाहून मी दारातच थबकले. म्हटलं, निरोप समारंभ आहे म्हणाले होते, आणि माणूस तर धडधाकट उभा दिसतोय! नात म्हणाली, "आजी, हा मेटल संगीतवाल्यांचा ठेवणीतला पोशाख." असेल बाई.

माझ्याआधी जे बोलले त्यांच्या हातात कागद होते. माझ्या हातात नाही, कारण मला अक्षर येत नाही. तेव्हा कागद संपला की म्हातारी थांबेल, अशी आशा कुणी ठेवू नये.

आता या बाईला गिटारमधलं काय कळतं, असा प्रश्न डॉक्टरसाहेबांच्या चेहऱ्यावर मला दिसतोय. साहेब, मास्तरांचा क्लास ज्या खोलीत बावीस वर्षं चालला, तिच्या बरोबर खाली माझी खोली. ही मुलं आठवड्याला दोन तास शिकून घरी गेली. मी सगळ्यांचे सगळे तास ऐकले. कपडे वाळत घालताना ऐकले, दुपारी डोळा लागता लागता ऐकले, दातदुखीत ऐकले. या क्लासची सर्वांत जुनी विद्यार्थिनी मीच आहे. गिटारला हात लावायचा तेवढा राहिलाय.

आणि कान माझा तयार होता. मी कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग यायचे, त्यांच्या खरखरीत कडा कानशीने घासून काढायच्या, हे माझं काम. नात जेव्हा घरी म्हणाली की मी मेटल शिकणार, तेव्हा मी म्हटलं, वा, घराण्याचं काम पोरीनं पुढे न्यायचं ठरवलं! तर कानस कशी चालवायची? पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. मागे येताना घासली तर दाते बोथट होतात. आमचा फोरमन आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि नुसत्या आवाजावरून ओरडायचा, "तिसरी बाई, कानस मागे ओढू नका!" तिसरी बाई मी. महिन्याभरात मलाही शेजारणीची कानस ऐकू यायला लागली.

आता मास्तरांचं शिकवणं ऐका. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तेवढ्यापुरतं मोबाइलमध्ये पाहावं, नाहीतरी पाहताच आहात. गिटारची तार नखाएवढ्या प्लास्टिकच्या तिकोनी तुकड्याने छेडतात. त्याच्या दोन रीती. एक, प्रत्येक झटका वरून खाली. हात वर न्यायचा, पण तारेला न लागता, रिकामा. दुसरी, जाताना एक झटका, येताना एक झटका. दुसरीत हाताला निम्मे कष्ट आणि वेग दुप्पट. मग पहिलीचा हट्ट कशाला? मास्तर सांगायचे, खालच्या झटक्यात वजन असतं, प्रत्येक ठोका सारखा पडतो, जणू छापाचं यंत्र चाललंय. वरचा झटका पातळ निघतो. मेटलला भिंत लागते, तुम्ही पडदा लावू नका. आणि एखाद्याचा हात वर जाताना चुकून तारेला लागला की ओरडायचे, "खाली! खाली! खाली!" म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं खालीसर. मास्तर, तुमच्या तोंडावर कुणी म्हटलं नसेल. आज मी म्हटलं.

मला तर हे शिकवणं ऐकताक्षणी पटलं. का नाही पटणार? ही तर माझी कानस! पुढे जाताना काम, मागे येताना उचल. जन्मभर जे केलं तेच माडीवर वाद्यात चाललंय, या आनंदात मी जे करून बसले, ते आज सर्वांसमोर सांगायचं आहे.

मास्तरांनी स्वतः बांधलेली एक चाल आहे, आठ मिनिटांची. मिनिटाला दोनशे ठोके, एका ठोक्याला दोन झटके. क्लासचा रिवाज असा, की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसत्या खालच्या झटक्यांनी जो वाजवेल, त्याचं नाव दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरायचं. बावीस वर्षांत नऊ नावं. दहावं आपलं असावं म्हणून आमची ठिणगी, माझी नात हो, तिला घरात ठिणगीच म्हणतात, दुपारी मास्तर जेवायला गेले की वर जाऊन सराव करायची. चार मिनिटं सगळं धडधड खाली. पाचव्या मिनिटाला हात दमायचा आणि मध्येच एक बारीक, चमकता आवाज निसटायचा. वरचा झटका! की मी खाली जळमटं काढायची काठी उचलून छताला ठोकायची. ठक ठक. पोरगी बिचारी पुन्हा पहिल्यापासून.

सूनबाई म्हणाली, "आई, छताचा पोपडा आमटीत पडतोय."

मी म्हटलं, "पडू दे. दहावं नाव यायचंय."

दोन महिने मी ठोकत होते. मग एके सकाळी पोरीला वेणीचा पेड घालता येईना. मनगट सुजून हे एवढं. तिला घेऊन गेलो ते याच अध्यक्ष महोदयांकडे. त्यांनी विचारलं, "हे रोज किती वेळ करत होतीस?" ती माझ्याकडे बघायला लागली. मला म्हणाले, "आजी, तुमचं लक्ष नव्हतं का?" आता काय सांगू साहेब तुम्हाला? लक्ष होतं म्हणून तर झालं! त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, हल्लीची मुलं ऐकत नाहीत. ते खोटं होतं. पोरगी ऐकत होती, हाच घोळ होता.

डॉक्टरांनी सहा आठवडे गिटार बंद केली. मनगटाला पट्टा बांधला. घरात अशी शांतता की मला घास गिळवेना. काठी मी कपाटामागे टाकली. आणि तिसऱ्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, वरून तीच चाल सुरू झाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टर नको म्हणतात आणि ही कार्टी वर जाऊन बसली! त्यात वाजवते ते वर-खाली, वर-खाली, सरळसरळ. मी काठी ओढून काढली आणि जीव खाऊन छताला ठोकली.

मागून आवाज आला, "आजी, कुणाला मारतेस? मी इथे आहे."

ठिणगी दारात उभी, डाव्या हातात चहाचा कप.

मी वर पाहिलं. वर सगळं चिडीचूप.

पंचवीस पायऱ्या आहेत हो त्या जिन्याला, आणि माझे गुडघे अध्यक्षांना माहीत आहेत. तरी चढले. मास्तर एकटे बसले होते, मांडीवर गिटार, आणि मनगटाला अगदी पोरीच्यासारखा पट्टा. चोरी पकडल्यासारखा चेहरा.

मला म्हणाले, "आजी, तुम्हाला खालून ऐकू येतं?"

मी म्हटलं, "मास्तर, मला दीड वर्षापासून ऐकू येतंय की तुम्ही मुलांना वाजवून दाखवत नाही. नुसतं तोंडाने सांगता. मला वाटलं, आता मोठे झालात, आळस आला."

ते म्हणाले, "हात राहिला नाही. मिनिटाला चारशे झटके नुसते खाली निघत नाहीत. वर-खाली केलं तर निघतात. पण बावीस वर्षं पोरांवर ओरडलो, त्यांना कुठल्या तोंडाने दाखवू?"

मंडळी, ही चुगली नाही. मी परवानगी काढून आले आहे. मास्तर परवा मला म्हणाले, "आजी, पोरांना खरं कळलं पाहिजे, पण माझ्या तोंडून निघणार नाही. तुम्ही सांगा." सगळीकडे सांगितलं गेलं की मुलीनं बोलावलं म्हणून मास्तर गाव सोडून निघाले. मुलीनं बोलावलं हे खरंच आहे. पण ती गेली सहा वर्षं बोलावतेय.

तर त्या दुपारी मी त्यांच्यासमोर मोडक्या स्टुलावर बसले आणि माझा गुन्हा सांगितला. काठीचा. म्हटलं, पोरीचं मनगट मी सुजवलं. ते म्हणाले, "नियम माझा होता." मी म्हटलं, "काठी माझी होती." असं बराच वेळ आम्ही दोघं तुझं की माझं करत बसलो, तेवढ्यात ठिणगी वर आली. तिनं पट्टा पाहिला, गिटार पाहिली.

"सर, मघाशी तुम्ही वाजवत होता?"

"हो."

"मधला भाग पुन्हा वाजवा ना."

"तो वर-खाली आहे."

"म्हणूनच."

मास्तरांनी वाजवला. आणि मी, जी दोन महिने त्याच आवाजावर छत फोडत होते, ती तोंड मिटून ऐकत बसले. तो मधला भाग आहे धावता. नुसत्या खालच्या झटक्यांनी तो पोरीच्या हातून निघायचा तेव्हा कुणीतरी ओझं घेऊन पळतंय असं वाटायचं. आता तो खरंच धावला. एक झटका जड, एक हलका, त्यामुळे त्याला डौल आला. मग मास्तरांनी सुरुवातीचा संथ भाग वर-खाली वाजवून दाखवला, आणि आम्ही तिघंही हसलो. अगदीच बुळबुळीत! त्याला खालचाच झटका हवा, तिथे तळहाताची कड तारेवर दाबून एकेक ठोका खिळ्यासारखा बसला पाहिजे. तिथे खालीसर शंभर टक्के बरोबर.

आणि मला तेव्हा कुठे आठवलं. कानशीचं काम झालं की त्याच भागावर आम्ही पॉलिश पेपर फिरवायचो. तो पुढे-मागे, पुढे-मागे, दोन्हीकडून घासायचा असतो. सव्वीस वर्षं मी रोज दोन्ही कामं केली, आणि अक्कल मात्र एकाच कामाची सांगत फिरले. मास्तर, तुमचंही तसंच झालं. तुम्ही तरुणपणी एका रीतीवर जीव लावलात, ती तुम्हाला जमली, आणि जमली म्हणून तिचा कायदा केलात.

पोरीनं त्यांना विचारलं, "सर, हे आधी का नाही शिकवलंत?"

मास्तर म्हणाले, "मलाच दीड वर्षापूर्वी कळलं. आणि कळलं तेव्हा लाज वाटली."

आता मुद्द्याचं. अध्यक्ष महोदय दोनदा घड्याळाकडे पाहून झाले आहेत, मी तिसऱ्यांदा पाहू देणार नाही. मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत शेवटी लिहिलंय म्हणे, "विद्यार्थ्यांचे गिटारवादन." विद्यार्थ्यांचे. मास्तरांचे नाही. त्यांनी साफ सांगितलंय, मी वाजवणार नाही, नऊ नावांपैकी सहाजण समोर बसलेत, त्यांच्यासमोर माझा हात वर आलेला मला दाखवायचा नाही. गिटार मात्र बरोबर आणली आहे, ती पाहा, खुर्चीमागे पेटीत उभी आहे. न वाजवणारा माणूस पेटी कशाला उचलून आणतो, मला सांगा?

मुलांनो, तुम्हालाच विचारते. तुमचे सर वर-खाली वाजवतील. त्याने तुम्हाला त्यांनी शिकवलेलं काही कमी होतं का? हात वर करून सांगा. ... अगं बाई! हे तर जवळजवळ सगळेच. ती दाराजवळची मंडळीसुद्धा! आणि नऊ नावांतले? उभे राहा बघू. तू, दाढीवाल्या, तुझा हात का नाही वर? ... काय म्हणतोस? मोठ्यानं बोल, माझ्याकडे माइक आहे, तुझ्याकडे नाही. ... ऐकलंत का मास्तर? तो म्हणतोय, "आजी, माझाही हात दुखतो, मीही पाच वर्षं वर-खालीच वाजवतोय, सरांना कळू दिलं नाही!"

हसा, हसा. मास्तरही हसले. एकाच खोलीतले सगळे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते, आणि खाली मी काठी घेऊन पहारा देत होते.

थांबा. मास्तर उठले. डॉक्टर, तुम्ही बसा, त्यांना चक्कर आलेली नाही, ते पेटी उघडताहेत. ठिणगे, ती वायर दे त्यांना. डाव्या हातानं उचल!

तर मंडळी, मला आवरलं पाहिजे. मला बोलू दिलंत म्हणून अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला टोचलं असेल, कुणाचं गुपित गरजेपेक्षा जास्त सांडलं असेल, कुणाला मान द्यायचा राहिला असेल, तर या म्हातारीला पदरात घ्या.

काय मास्तर? माइकवर बोला ना, लाजता काय. ... नाही? बरं, मी सांगते. ते मला विचारताहेत, "आजी, मधला भाग कसा वाजवू?"

बावीस वर्षांत खालीसरांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

दोन्हीकडून वाजवा, मास्तर. मी बसते.