टीव्हीवरचं वाडगं

हसा तुम्ही, पण त्या वाडग्याचं नाव काढलं की माझं डोकं अजून फिरतं. घरात नवा टीव्ही आला होता. त्याच्यावर ठेवायला म्हणून मी शोभेचं वाडगं बनवलं. राजोडीच्या एका कुंपणातलं निवडुंगाचं वाळलेलं खोड आणलं. आतून नुसती जाळी! तिच्या भोकांत निळं रेझिन ओतलं, ते दगडासारखं घट्ट झाल्यावर लेथवर जपून जपून कातलं. पॉलिश केल्यावर असं चमकलं की मीच बघत बसलो.

नाताळात मी कामावर गेलो आणि बायकोने त्याच वाडग्यात करंज्या भरून शेजारच्या रोझामावशीकडे धाडल्या. म्हणे, ताटल्या संपल्या होत्या!

आमच्यात शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. मावशी वाडगं भरून कोळंबी घेऊन आली. उचलून बघतो तर खालून पाणी गळतंय आणि निळं सगळं गायब!

"मावशी, काय केलंस हे?"

"अरे, कोळंबी धुवायला घेतली तर पानी जाईना. भोकांत निळं प्लास्टिक अडकलेलं. सळई तापवून एकेक भोक मोकळं केलं. हात भाजला माझा!"

"ते मी भरलं होतं!" मी केवढ्याने ओरडलो.

मावशी बायकोकडे वळली. "याचं डोकं ठिकाणावर आहे ना? चाळण बनवतो आणि भोकं बुजवतो!"

शिवाय घरी जाताना दारातून मलाच दम दिला, "माझ्यासाठी पण एक बनव. पण भोकं उघडी ठेव. दुसरा हात भाजायचा नाही मला."