दिवेलागणीची गोधडी

वहिनी, सरवदे परिवारातली लहानथोर मंडळी, आणि आज विहारात जमलेल्या सगळ्यांनो,

मी मंगल. सरवदेभाऊंची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. मला माइकवर बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. घाबरले म्हणून नाही. मला ओळखणारे आत्ताच हसायला लागलेत, ही बाई गप्प बसते कधी? पण भाऊंबद्दल बोलायचं आणि मधे भिंत नाही, हे मला अवघड जातंय. इतकी वर्षं आम्ही जे काही बोललो ते कंपाउंडच्या भिंतीवरून. इकडं मी, तिकडं ते, मधे त्यांच्या कुंड्या. रोज सकाळी ते म्हणायचे, "जयभीम, मंगलताई." मी म्हणायची, "रामराम, भाऊ." तेवढं झालं की आमचा दिवस सुरू. आता सकाळी मी उगाच भिंतीपाशी जाऊन उभी राहते आणि परत येते.

रडायचं ते रडून झालंय. अजूनही येईल, पण मी ते आज इथं आणलेलं नाही. भाऊ रडका माणूस नव्हता. त्यांच्यासमोर कुणी तोंड पाडून बसलं की ते विचारायचे, "कावून असं? झाडावानी पाणी जास्त झालं का?"

मी तेलगावची लेक. आमच्याकडं ऊस आणि कापूस. लग्न होऊन अंबाजोगाईला आले तेव्हा शोभेचं झाड म्हणजे काय, हे मला कळायचं नाही. जे खाता येत नाही, विकता येत नाही, जनावरालाही घालता येत नाही, ते लावायचं कशाला? मी एकदा भाऊंना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "बघायला." मी म्हटलं, आणखी? तर म्हणाले, "आणखी काय पाहिजे? तुमचा टीव्ही तरी खाता येतो का?" तिथून आमचं भांडण सुरू झालं आणि मैत्रीही.

आपलं गाव बालाघाटाच्या डोक्यावर. खाली तेलगावला लोक उघड्यावर झोपतात तेव्हा इथं कानटोपी निघते. शोभेच्या झाडांना ही थंडी सोसत नाही, आणि भाऊंना नेमका हिवाळाच आवडायचा. त्यांचा कोलियस दर हिवाळ्यात मरायचा. रंगीत पानांचं झाड, दिसायला फार देखणं, जीव मात्र नाजूक. भाऊ दरवर्षी त्याला मूठमाती द्यायचे आणि उन्हाळा लागला की नवा आणायचे. वहिनी म्हणायच्या, एवढ्या वेळा मेलेलं झाड मी बघितलं नाही.

अडेनियमची तर सगळी पानं गळायची. बुटका जाड बुंधा, वर नुसत्या काटक्या. मला वाटलं वाळलं. मी दया येऊन भिंतीवरून तांब्या ओतायला गेले तर भाऊ आतून धावत आले. "अवो ताई, झोपलंय ते. झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी वतता का?" मग मला भिंतीपाशी उभं करून शिकवणी झाली. थंडीत पाणी कमी. तेही ऊन वर आल्यावर, संध्याकाळी नाही. खत बंद, कात्री बंद. हिवाळ्यात झाड मारायचं असेल तर त्याच्यावर लई प्रेम करायचं, असं ते म्हणायचे. हे वाक्य मी माझ्या सुनेच्या बाबतीतही वापरते, आणि आमचं बरं चाललंय.

आता लालपत्तीचं सांगते. इथं फोटोशेजारी कुंडी ठेवलीय ना, तीच. नर्सरीवाले तिला पॉइनसेटिया म्हणतात. आपल्या जिभेला ते झेपत नाही.

भाऊ सरकारी दवाखान्यात एक्स-रे विभागात होते, हे तुम्हाला माहीत आहे. आज कॉम्प्युटरवर फोटो दिसतो. त्यांची बहुतेक नोकरी डार्करूममध्ये गेली. दार लावून अंधारात उभं राहायचं आणि फिल्म धुवायची. उजेडाची फट पडली की फिल्म गेली. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी वहिनींसाठी ही लालपत्ती आणली. थंडीचे दिवस होते, झाड लालभडक. वहिनी, तुम्ही किती खूश झाला होता ते मी भिंतीवरून बघितलंय. मग उन्हाळा आला आणि ती सगळी लाली गळून गेली. नवीन आलं ते हिरवं. पुढच्या हिवाळ्यातही हिरवंच. वहिनींनी निकाल दिला, "दुकानदारानं रंग मारून गंडवलं तुमाला."

भाऊंना ते लागलं. नवऱ्याला बायकोनं गल्लीसमोर बावळट ठरवलं की त्याचा शास्त्रज्ञ होतो. त्यांनी कुंडीची जागा बदलली, माती बदलली, शेण घातलं, राख घातली. झाड हिरवंगार, टुणटुणीत. मग एका हिवाळ्यात कडाक्याची थंडी आली. भाऊंना वाटलं, याला थंडी वाजत असणार. त्यांनी वहिनींची जुनी गोधडी काढली आणि रोज दिवेलागणीला झाडावर घालायला लागले. सकाळी ऊन आलं की काढायची. गल्लीत सगळे दिवे लावायचे तेव्हा हा माणूस गोधडी घेऊन बाहेर यायचा. पोरं विचारायची, "मामा, झाडाला गोष्ट सांगितली का?"

आणि झाड लाल झालं. वरची सगळी पानं, कुंकवासारखी. भाऊंनी गल्लीभर सांगितलं, त्याला ऊब पाहिजे होती, दुसरं काही नाही. पुढच्या वर्षी त्यांनी सुधारणा केली. नुसत्या गोधडीनं एवढं होतं तर आणखी ऊब दिली की काय होईल? म्हणून गोधडीच्या आत एक बल्ब सोडला. रात्रभर चालू. लांबून बघितलं की गोधडी पांघरून कुणीतरी कंदील घेऊन बसल्यासारखं दिसायचं. सगळा हिवाळा गेला, एक पान लाल होईना.

मग एका सकाळी ते भिंतीपाशी आले. तोंडावर हसू, पण बोलता येईना. हसता हसता ठसका लागला. शेवटी म्हणाले, "मंगलताई, उभी नोकरी डार्करूममध्ये केली आन् मला कळलं न्हाई. त्याला ऊब नको हाय. त्याला अंधार पाहिजे. लांबलचक, अख्खा अंधार. तवा कुठं रंग चढतो."

आणि आपल्या गल्लीत तो अंधार होता कुठं? त्यांच्या फाटकासमोर रस्त्यावरचा दिवा आहे. तो दिवा आणला कुणी? भाऊंनीच. नगरपालिकेत खेटे घालून घालून. मी म्हटलं, भाऊ, तो दिवा जरा पलीकडं सरकवून घ्या, तुमचं रोजचं काम वाचेल. तर म्हणाले, "न्हाई ताई. पोरी ट्यूशनहून येत्यात त्या दिव्याखालून. झाडाला अंधार मी देतो की." त्यानंतर दर हिवाळ्यात, दिवेलागण झाली की गोधडी. त्यासाठी ते लग्नातून लवकर उठायचे. कपिलधारला धबधबा बघायला गेले तरी संध्याकाळच्या आत परत. एक दिवस चुकला तर झाडाचा हिशेब चुकतो म्हणायचे.

यंदा दिवाळीनंतर ते दवाखान्यात दाखल झाले. वहिनी त्यांच्याजवळ, म्हणून गोधडीचं काम माझ्याकडं आलं. रोज संध्याकाळी फोन. मी विचारायची, भाऊ, कसं वाटतंय? त्यांचा एकच प्रश्न, "गोधडी घातली का?" घातली म्हटलं की मग डॉक्टरांच्या गमती, शेजारच्या पेशंटच्या घोरण्याच्या नकला. म्हणायचे, लाल झालं की घरी येतो. मला वाटायचं, हे झाडाशी पैज लावून बसलेत.

एका सकाळी मी गोधडी काढली आणि वरच्या दोन पानांच्या शिरा लाल दिसल्या. मी तिथूनच फोन लावला. मला इतका आनंद झाला की रामराम म्हणायचंही राहिलं. म्हटलं, भाऊ, फोटो पाठवते. ते म्हणाले, "फोटो नका पाठवू. घरी येऊन बघतो."

ते घरी आले, पण बघायला नाही.

त्या दिवशी अंत्यसंस्कार करून आपण सगळे परतलो. ओटा माणसांनी भरला होता. संध्याकाळ झाली तसा कुणीतरी ओट्यावरचा, कुंडीच्या अगदी वरचा मोठा दिवा लावला. खरं सांगते, मी गोधडी विसरले होते. माझंच काम ते, पण त्या दिवशी झाडाचं कुणाला सुचणार? आणि वहिनी उठल्या. ज्या वहिनींनी आयुष्यभर त्या गोधडीची टिंगल केली, त्या आत गेल्या, गोधडी घेऊन आल्या, झाडावर नीट घातली, चारी बाजूंनी खोचली. मग म्हणाल्या, "ओट्यावरचा दिवा बंद करा."

एक म्हातारे पाहुणे म्हणाले, अशा दिवशी घरात अंधार करू नये, बाई. वहिनी त्यांना शांतपणे म्हणाल्या, "दादा, अंधारात उभं राहूनच त्यांनी हे घर चालवलं. घटकाभर आपण बसलो तर काय होतंय?"

दिवा बंद झाला. रस्त्यावरच्या दिव्याचा जेवढा येत होता तेवढ्या उजेडात आपण बसलो. मग अंधारातून कुणीतरी त्या बल्बची गोष्ट काढली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. वहिनीही हसल्या. उजेडात कुणाची हिंमत झाली नसती.

त्या दिवसापासून गोधडी वहिनीच घालतात. माझं काम गेलं, आणि मला त्याचं बरं वाटतंय.

आता या झाडाकडं बघा. वरची पानं लाल झालीत. खालची अजून हिरवी आहेत, म्हणजे काम बाकी आहे. वहिनी, या झाडानं कुणाला गंडवलं नव्हतं. दुकानदारानंही नाही.

खिडकीतून बघा, दिवस मावळलाय. वहिनींच्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे ते आता तुम्हाला सांगायला नको. सगळे उभे राहू या. ट्यूबलाइटच्या बटनापाशी जे बसलेत त्यांनी दिवे बंद करावेत. मोबाइल खिशात ठेवा, त्याचाही उजेड पडतो. तथागतांपुढची मेणबत्ती राहू द्या, ती गोधडीच्या आत पोचत नाही. दोन मिनिटं आपण शांत उभे राहू, भाऊ ज्या अंधारात आयुष्यभर उभे राहिले तसेच.

वहिनी, घाला.

भाऊ, रोज तुम्ही आधी म्हणायचा, आज मी आधी म्हणते. जयभीम, भाऊ. गोधडी घातली.