तिसऱ्या ओळीला अडकणारी रिक्षा

(श्रीलंका, मोरटुवा. सकाळचे साडेनऊ. व्हर्नन गिटार घेऊन ओट्यावर, समोर नात शेहानी. ती आजोबांना ‘सीया’ आणि आजीला ‘आच्ची’ म्हणते.)

शेहानी : परत चुकलात, सीया. हे ‘ओ हो हो’ तुमचं नाही. हॉटेलच्या बँडनं घातलंय, पंच्याऐंशी साली.

व्हर्नन : चांगलं आहे की!

शेहानी : म्हणूनच तर कळलं, तुमचं नाही.

व्हर्नन : मग मधली तुतारी?

शेहानी : अंत्ययात्रेच्या बँडची. शेवटच्या टाळ्या जर्मन टुरिस्टांच्या कॅसेटमधल्या. सीया, गाणं तुम्ही केलंत, एकाहत्तर साली. दहाला रेडिओवाले येतायत. आणखी तिघं म्हणतायत, गाणं माझंच. जो पहिल्यासारखं गाईल, त्याचं नाव लागणार.

व्हर्नन : पन्नास वर्षं लोकांनी मागितलं तसं गायलो. पहिल्यासारखं कुणी मागितलंच नाही.

शेहानी : रेकॉर्ड तरी जपायची!

व्हर्नन : आहे ना. बुरशी आली म्हणून तुझ्या आच्चीनं उन्हात ठेवली. वाडगा झाला. मांजर जेवतं त्यात.

शेहानी : मग चाल मांजराला विचारू?

व्हर्नन : नको, त्याला तुतारी आवडते.

शेहानी : आज आच्ची असती तर तिनं सांगितलं असतं हो. घ्या, पावाची रिक्षा आली. हीसुद्धा तुमचंच गाणं वाजवते.

व्हर्नन : त्यापायी लग्नांत गायची चोरी झालीय. पहिली ओळ म्हटली की निम्मं वऱ्हाड पिशव्या शोधतं.

रूपसिंघे (रिक्षातला पाववाला) : अंकल, मगर-पाव देऊ? दोघांच्या शेपट्या तुटल्यात, चवीला फरक नाही. थांबा हं... अडकली मेली! ही घे!

शेहानी : अहो, रिक्षाला काय मारताय?

रूपसिंघे : रिक्षाला नाही बाई, गाण्याच्या पेटीला. रोज तिसऱ्या ओळीला गप्प होते. थोबाडीत दिली की पुढे सरकते. नऊ वर्षं देतोय.

व्हर्नन : हात लावू नकोस तिला! पुन्हा लाव. ही पेटी केली कुणी?

रूपसिंघे : आमच्या बाबांनी. घरी तुमची रेकॉर्ड होती. घड्याळवाल्याला शेजारी बसवून एकेक सूर पेटीत भरून घेतला. महिना लागला. घड्याळवाला अजून आमच्याशी बोलत नाही.

व्हर्नन : आता बघ... तिसरी ओळ... थांबली! मारू नकोस म्हटलं ना! ऐकलंस, शेहानी? रेकॉर्डिंगला मी थांबलो होतो तिथं.

शेहानी : विसरलात?

व्हर्नन : छे. ड्रमवाल्याचं स्टूल मोडलं, तो ड्रमसकट आडवा. तुझी आच्ची, लुसील, कोपऱ्यात बसली होती. आमचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. अशी हसत सुटली की मी थांबलो. ती गप्प झाल्यावर पुढे गायलो. दुसरी टेप आणायची कुणाची ऐपत नव्हती.

शेहानी : आणि नंतरच्या सगळ्यांनी ती जागा गाळली. म्हणजे त्या तिघांना माहीतच नाही! रूपसिंघे, लावा पुन्हा. सीया, बोलू नका, ऐका.

रूपसिंघे : आणि मी नऊ वर्षं... देवा! बाई, फाटकात गाडी आली. रेडिओचीच.

व्हर्नन : येऊ दे. बसली चाल.

रूपसिंघे : अंकल, मीही थांबतो ऐकायला. पण तिसऱ्या ओळीला माझे हात शिवशिवतील हो. काय करू तेव्हा?

व्हर्नन : काही करू नकोस. लुसीलचं हसून होऊ दे.