उंबऱ्याशी थांबणारा राक्षस

धाकटा : हा पुढचा ऐक. "राक्षस बघून भीती वाटली नाही, कीव आली. पुढच्या भागाआधी त्याला हाडांच्या डॉक्टरकडे न्यावं." दोन तारे.

ताई : ती कात्री सरकव इकडे. तुझ्या मांडीखाली आहे.

भावोजी : दोन तरी कशाबद्दल दिले?

धाकटा : एक धरणाबद्दल. धरण खरं वाटलं म्हणे.

भावोजी : आणि दुसरा?

धाकटा : थिएटरमध्ये गारवा छान होता, असं लिहिलंय.

भावोजी : तो होता. मला शाल हवी होती.

धाकटा : आणि हा बघ, ह्याने सगळी गोष्टच सांगून टाकलीय. "आकाशातून दगड पडतो तो धरणात. त्यातून काहीतरी निघतं, तळाचा गाळ खाऊन मोठं होतं, आणि भिंतीच्या पोटातल्या बोगद्यांत अडकलेल्या सहा जणांच्या मागे लागतं. इथवर ठीक. पण मागे लागतं म्हणजे किती सावकाश! त्या सहा जणांनी मध्ये बसून जेवण उरकलं असतं तरी सगळे वाचले असते."

भावोजी : हे मात्र अगदी बरोबर. मी तेव्हाच हिला म्हणालो, ह्याला चाळिशी लागलीय, पायाखालचं दिसत नाहीये. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला माझा, गिऱ्हाईक दारातून आत येतानाच मला नंबर कळतो.

ताई : तुम्ही म्हणालात आणि झोपलात.

भावोजी : झोपलो नाही. डोळे विश्रांतीला ठेवले. आणि शेवटपर्यंत बसलो होतो मी. मध्यंतरात उठून कोण गेलं?

ताई : ह्या पँटी संध्याकाळपर्यंत द्यायच्यात मला. वाच रे तू. वाचायला आलायस ना?

धाकटा : "उंबरा दिसला की राक्षस थांबतो. प्रत्येक वेळी. चौकटीला हात लावतो आणि आत येऊ का असं विचारल्यासारखा उभा राहतो. इतका सुसंस्कृत राक्षस मी पाहिला नाही. आमचे पाहुणे सुद्धा इतकं थांबत नाहीत."

भावोजी : हा, हे छान लिहिलंय. तारे?

धाकटा : चार. हा एक एकाच ताऱ्याचा. "रबराच्या पोशाखात कोण होता त्याला शोधा आणि चालायला शिकवा."

भावोजी : नाव नसतं का रे येत तुझं कुठे? मी शेवटपर्यंत बसलो ते तेवढ्यासाठी. पांढरी अक्षरं भराभर वर गेली. माझ्यासारख्या माणसाला वाचता येत नाहीत म्हणजे ती वाचण्यासाठी नसणारच.

धाकटा : येतं. जेवण पुरवणाऱ्यांच्या खाली. हे वाच, ही बाई काय म्हणते. "का कोण जाणे, तो पाय ओढत दारात आला की मला रडू यायचं. शेजारी नवरा हसत होता. घरी जाताना आम्ही बोललो नाही."

भावोजी : ह्यात काय नवीन? राक्षस नसतानाही घरी जाताना कोण बोलतं!

धाकटा : ताई.

ताई : हं.

धाकटा : इतक्या लोकांचं वाचून दाखवलं. तुझं काय?

ताई : माझं काय असणार? मी काय समीक्षक आहे? माझ्या तोंडात टाचण्या आहेत.

धाकटा : काढ त्या. उद्या सकाळी दुसऱ्या भागाची सही आहे. दिग्दर्शकाचं म्हणणं, बाकी काही बदला, चाल तीच पाहिजे. मी त्याला सांगितलं, आधी घरी विचारतो.

ताई : घरी म्हणजे?

धाकटा : घरी म्हणजे इथे. दुसरं घर कुठलं मला! माझ्या खोलीत मी आणि तो रबराचा पंजा राहतो.

ताई : मोठा झालास की तू. कर सही. मला विचारून काय राक्षस झालास?

भावोजी : मी चहा टाकतो.

ताई : आत्ताच झालाय.

भावोजी : झालेला पुन्हा गरम करतो. तुम्हा दोघांचा आवाज असा खाली आला की मला स्वयंपाकघर बरं वाटतं.

धाकटा : तू मध्यंतरात उठून गेलीस. फोन उचलला नाहीस. आज आल्यापासून तू त्या पँटींशीच बोलतेयस. म्हणून विचारतोय.

ताई : बोलू?

धाकटा : बोल.

ताई : बाबांचा डावा पाय लुळा पडल्यापासून तीन वर्षं मी त्या माणसाला ह्या घरात फिरवलं. अंथरुणापासून मोरीपर्यंत, मोरीपासून ह्या खोलीपर्यंत. दुकानात कुणी आलं, शेजारचं कुणी आलं, की बाबा म्हणायचे, पडदा ओढ. आपलं चालणं कुणी बघितलेलं त्यांना खपायचं नाही. आयुष्यभर कडक इस्त्रीच्या पँटी घालून ताठ चाललेला माणूस तो. त्याचं ते चालणं तू रबराच्या कातड्यात घातलंस आणि भिंतीएवढं करून गावाला दाखवलंस. माझ्या मागच्या रांगेत एक पोरगी ओरडली, "आजोबा, काठी विसरलात!" अख्खी रांग हसली रे. मला वाटलं मागे वळून सांगावं, बाई, ते माझे वडील आहेत. पण पडद्यावरच्या त्या ध्यानाकडे बोट दाखवून असं कसं सांगायचं?

धाकटा : ताई, मी बाबांची नक्कल नाही केली.

ताई : मला शिकवू नकोस. हात चौकटीला, मग थांबणं, मग उजवा, मग डाव्याला ओढून घेणं. मी काय आंधळी आहे? घरात चष्म्याचं दुकान आहे.

धाकटा : मला एक सांग. मी बाबांना तसं चालताना कधी बघितलं?

ताई : दर रविवारी यायचास की.

धाकटा : यायचो. आणि तू मला कुठे बसवायचीस?

ताई : ...खिडकीपाशी.

धाकटा : बाहेर तोंड करून. बाबांची अट होती ती. तुला म्हणायचे, "मी खुर्चीत टेकेपर्यंत त्याला वळू देऊ नकोस." मी तीन वर्षं समोरच्या इमारतीची गच्ची बघितलीय, ताई. कुठल्या टाकीला गळती आहे ते सांगू शकेन. बाबा तसे चालताना मी बघितलेच नाहीत. मी फक्त तुला ऐकलंय.

ताई : मला?

धाकटा : तू आतल्या खोलीच्या दारात त्यांना म्हणायचीस ना. "हात टेका. थांबा. गाडी सुटत नाहीये. मालक आधी. आता भाडेकरू."

भावोजी : (स्वयंपाकघरातून) ते नाव त्यांनीच ठेवलेलं! उजवा पाय मालक, डावा भाडेकरू. म्हणायचे, भाडं देत नाही आणि जागा पण सोडत नाही!

ताई : तुम्ही चहा बघा, उतू जाईल.

धाकटा : त्या पोशाखात माझं डोकं राक्षसाच्या डोक्यात नसतंच. ते पार खाली, छातीत येतं. वरचं डोकं तारांनी हलवतात. मला बघायला घशापाशी बोटभर चीर, आणि तिच्यातून दिसतो तो समोरच्या माणसाचा पट्टा. पाय दिसायचा प्रश्नच नाही. आणि धरणातले दरवाजे कसे, लोखंडी, खाली हा एवढा उंबरा. पहिल्या दिवशी मी पडलो. दुसऱ्या दिवशी पडलो तो इंजिनिअरच्या भूमिकेतल्या बाईंच्या अंगावर. त्या किंचाळल्या, तो आवाज पिक्चरमध्ये ठेवलाय, सगळ्यात खरा झालाय म्हणून.

ताई : लागलं होतं?

धाकटा : त्यांना?

ताई : तुला रे, मूर्खा.

धाकटा : गुडघा गेला. दिग्दर्शक म्हणाला, दुसरा माणूस बघतो. सगळे जेवायला गेले. मी पोशाखातच होतो, तो काढायला दोन माणसं लागतात. चाचपडत दारापाशी गेलो. चौकट हाताला लागली. काळोख, घाम, स्वतःच्याच श्वासाचा वास. आणि तुझा आवाज आला. आठवण-बिठवण म्हणतात तसा नाही. इथे, कानामागे. "थांबा. गाडी सुटत नाहीये." मी थांबलो. "मालक आधी." उजवा टाकला. "आता भाडेकरू." डावा ओढून घेतला. आणि मी पलीकडे होतो, ताई. उभा होतो.

ताई : आणि मग?

धाकटा : मग प्रत्येक दाराशी तेच. मी तोंडानेच म्हणायचो. आवाजवाल्याने ते टिपलं आणि गुरगुरण्याच्या खाली ठेवून दिलं. लोकांनी लिहिलंय, राक्षस दारात काहीतरी पुटपुटतो, बहुतेक प्रार्थना असावी. आता तू सांग, ह्यात मी बाबांचं काय चोरलं? मला तर तुझंच भाडं द्यायला पाहिजे. मी पडद्यावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाच कळलं की बाबा असे चालायचे. तोवर मला माहीत नव्हतं.

ताई : अगदी तसेच चालायचे.

धाकटा : हो?

ताई : अगदी. खांदासुद्धा तसाच जायचा खाली. कसं काय रे?

धाकटा : तू सांगत होतीस तसं केलं. बाबांनी पण तेच केलं असणार.

भावोजी : चहा. तुझ्यात साखर कमी. पोशाखात मावायला पाहिजेस.

ताई : ठेवा तिथे. माझा दोरा सुटला.

भावोजी : दे, मी ओवतो सुईत. तुझ्या डोळ्यांत पाणी आहे, तुला भोक दिसणार नाही. हे मी धंद्याचा माणूस म्हणून सांगतोय.

ताई : मी राग आला म्हणून नव्हते उठले.

धाकटा : मग?

ताई : पहिल्या दाराशी तो थांबला आणि माझे ओठ हलायला लागले. दुसऱ्या दाराशी पण. मला थांबवताच येईना. शेजारी कुणी बाई होती, तिने विचारलं, जप करताय का. आणि मध्यंतराच्या आधी ते मोठं लोखंडी दार त्याच्या डाव्या पायावर येतं...

धाकटा : तो पाय खोटा असतो गं. आत लाकूड भरलेलं.

ताई : माहितीये मला. पण मी मोठ्याने "थांबा" म्हणाले. सगळ्यांनी वळून बघितलं. मग मी पिशवी उचलली.

भावोजी : आणि मला वाटलं शाल आणायला गेलीस.

ताई : त्या पोरीचं हसणं पण टोचलं, नाही असं नाही. पण उठले ती मी माझ्यामुळे. पुढे काय झालं ते मी ह्यांनाही विचारलं नाही. सांगायला आले तर म्हटलं, गप्प बसा.

भावोजी : आठवडाभर मी गप्प आहे. चष्मेवाल्याकडून एवढी अपेक्षा कोणी करू नये.

ताई : मरतो का तो शेवटी?

धाकटा : त्यावरच तर एक-एक तारे पडलेत. हे बघ. "मेला की नाही ते सांगा, नाहीतर पैसे परत द्या." "दिग्दर्शकाचं रीळ संपलं काय?"

ताई : तू सांग.

धाकटा : सगळे बाहेर पडलेत. मागून पाणी चढतंय. शेवटचं दार उघडं आहे, पलीकडे उजेड. तो येतो, चौकटीला हात टेकतो. थांबतो. आणि पडदा काळा.

ताई : असं लिहिलं होतं?

धाकटा : लिहिलं होतं की तो उंबरा ओलांडून उजेडात येतो आणि त्याला गोळ्या घालतात. बंदूकवाले तयार होते. मी हात टेकला, थांबलो, आणि पुढचं आलंच नाही.

ताई : काय आलं नाही?

धाकटा : तू. "मालक आधी" हे तू म्हणालीच नाहीस त्या दिवशी. मी वाट बघत उभा. सगळे वाट बघत उभे. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, हेच ठेवू, ह्याच्यापेक्षा बरा शेवट मला सुचायचा नाही.

भावोजी : मी झोपेतून उठलो तो नेमका तेव्हा. मला वाटलं, वीज गेली.

ताई : पलीकडे गोळ्या आहेत हे माहीत असताना मी कशी म्हणेन रे, मालक आधी?

धाकटा : हे मला नव्हतं सुचलं.

ताई : दुसऱ्या भागात काय करतात त्याचं?

धाकटा : तेच ठरलं नाहीये. मी म्हणालो, बंदुका काढा, मग सही.

ताई : हात फार वर टेकतोस तू.

धाकटा : आँ?

ताई : चौकटीला. बाबा कोपराएवढ्या उंचीवर टेकायचे. वर टेकलास तर सगळा भार खांद्यावर येतो, वर्षभरात खांदा पण जाईल. आणि खाली बघतोस. बघायचं नाही. समोर बघायचं, पायांना त्यांचं कळतं.

भावोजी : हे लिहून टाकू का अभिप्रायात? तारे किती देऊ?

ताई : काही लिहू नका. मी अर्धाच पाहिलाय. उरलेला बघते, मग सांगेन. उद्या दुपारचं तिकीट काढा. तुमची शाल मी घेते.

धाकटा : पुन्हा ओठ हलले तर?

ताई : हलू देत. विचारलं कुणी तर सांगेन, राक्षस माझ्या ओळखीचा आहे. निघ आता, त्या पँटी ठेवून दे जाता जाता टेबलावर. सकाळी लवकर जा सहीला. आणि शर्टाचं ते बटण लावून जा.

(धाकटा उठतो. डाव्या गुडघ्याला पट्टा आहे. दारापाशी जाऊन चौकटीला हात टेकतो, जरा खाली, कोपराएवढ्या उंचीवर.)

भावोजी : काय रे? दुखतंय?

धाकटा : नाही. थांबलोय.

ताई : गाडी सुटत नाहीये. मालक आधी.

धाकटा : आणि भाडेकरू?

ताई : येईल मागून. त्याला वेळ दे.