भोंग्याच्या आधी

(विस्कॉन्सिनमधलं एक लहान गाव, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. कोरिनचं स्वयंपाकघर, सकाळ. मार्लिस गावमंडळाची चिटणीस आणि कोरिनची समोरची शेजारीण.)

मार्लिस: ...आणि कसाई डेलचं म्हणणं, सहाच्या आत सगळं आटपा, म्हणजे त्याला मॅच बघायला मोकळं. पोरं गोळ्या मागायला दारोदार फिरोत नाहीतर फिरकू नयेत, त्याला काय त्याचं! पण या वेळी सगळे त्याच्याच बाजूने आहेत गं. हॅलोविनची फेरी चार ते सहा. अंधार पडायच्या आत.

कोरिन: साखर घाला. कॉफी बिनसाखरेची आहे.

मार्लिस: नको, डॉक्टर ओरडतो. तर हा ठराव. आज संध्याकाळी मंजूर होईल. त्याआधी तुला दाखवावा असं सगळ्यांचं मत पडलं. वरती तुझ्या लेकीचं नाव घालायचंय. ‘विनीच्या आठवणीत, आपल्या मुलांच्या सुरक्षेसाठी.’ तू हो म्हणालीस तरच हं.

कोरिन: चारला चौकात कोण उभं राहणार?

मार्लिस: कुठल्या चौकात?

कोरिन: गिरणी रस्त्याच्या. बंबवाले सगळे कागद कारखान्यात कामाला. साडेपाचला सुटतात. तिथून येऊन गाड्या अडवायला बंब आडवा लावतात आणि मग फेरी सुरू करायचा भोंगा वाजतो. म्हणून तर आपल्याकडे इतकी वर्षं सहा ते आठ.

मार्लिस: डेल म्हणतो, प्लास्टिकचे दोन शंकू ठेवू रस्त्यात.

कोरिन: शंकू.

मार्लिस: अगं, पण उजेड तर असेल ना. उजेडात माणसाला मूल दिसतं.

कोरिन: विनी उजेडातच गेली, मार्लिसबाई. पाच वीसला. समोरून ऊन होतं. त्या वेळी गिरणी रस्त्याने पश्चिमेकडे गाडी चालवून बघा एकदा. काच नुसती पांढरी होते.

मार्लिस: हे तुला कुणी सांगितलं?

कोरिन: मी चालवते ना. वर्षभर रोज त्याच वेळी जाते मी तिथून. मुद्दाम.

मार्लिस: कोरिन...

कोरिन: सूर्य असा खाली असला की एकदाही समोरचं नीट दिसलं नाही.

मार्लिस: हे बघ, गावाला तुझ्यासाठी काहीतरी करायचंय. लोकांना दुसरं सुचत नाही गं. तू नाही म्हणालीस तर मी तिथे काय सांगू? कुठल्या आईला अंधारात फेरी हवी असते?

कोरिन: अंधारात नाही. भोंगा झाल्यावर.

मार्लिस: भोंगा झालाच नव्हता त्या दिवशी. पोर आधीच सटकली घरातून. त्याला तू काय करणार होतीस? आठ वर्षांच्या मुलीला कुठे दम असतो!

कोरिन: ती सटकली नव्हती.

मार्लिस: कॉफी गार होतेय तुझी.

कोरिन: मी पाठवलं तिला. सहाला माझी पाळी होती वृद्धाश्रमात. बदली माणूस मिळाला नाही. मला तिला एकदा तरी त्या वटवाघळाच्या कपड्यांत दारोदार जाताना बघायचं होतं. ती म्हणाली, आई, अजून भोंगा नाही झाला. मी म्हटलं, जा गं, पाच-सहा घरं उरक आणि जोनमावशीकडे जा. आणि आत गेले गणवेश घालायला. पोलिसाने विचारलं, ती बाहेर कशी? माझ्या तोंडून निघून गेलं, न सांगता गेली. तिच्यावरच ढकललं मी. मेलेल्या लेकीवर.

मार्लिस: पोरी, बस कर.

कोरिन: तुम्हाला धक्का नाही बसला.

मार्लिस: माझी खिडकी समोरच आहे.

कोरिन: तुम्ही बघितलंत?

मार्लिस: हॅलोविनच्या कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्ती बसवत होते. तू तिचे पंख सरळ केलेस आणि तिला पाठीवर थोपटून पाठवलंस. सगळं बघितलं.

कोरिन: आणि वर्षभर माझ्याकडे येऊन कॉफी पिताय.

मार्लिस: तुझं मूल गेलं होतं. आणखी काय काढून घ्यायचं होतं तुझ्याकडून?

कोरिन: आणि हासकाका?

मार्लिस: विनी त्याच्याच गाडीखाली आली.

कोरिन: त्यांनी गाडी विकली. चर्चला येत नाहीत. लोक म्हणतात, ऐंशीच्या माणसाने गाडी चालवायचीच कशाला. तुम्हीही म्हणालात. माझ्यासमोर, याच टेबलाशी.

मार्लिस: म्हणाले. कुणाच्या तरी माथी मारायला हवं होतं, आणि तो म्हातारा, एकटा. उलटून बोलणार नव्हता. मला माझी लाज वाटते, कोरिन. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही.

कोरिन: ते दर रविवारी तिच्या थडग्यावर येतात. मी लांबून बघते आणि गाडीतच बसून राहते. ते गेले की मग उतरते.

मार्लिस: मग आता काय करायचं म्हणतेस?

कोरिन: संध्याकाळी मी येते सभेला. काय झालं ते सांगते. तुम्ही जसंच्या तसं लिहून घ्या. माझ्या खोटेपणावर वेळ ठरली आणि दुसरं कुणाचं मूल त्या उन्हात सापडलं तर मी जगू शकणार नाही.

मार्लिस: लोक तोंडावर काही बोलणार नाहीत. पण तुझ्या पाठीमागे... मी ओळखते यांना. दुकानात तू आलीस की गप्प होतील.

कोरिन: आताही होतात. आता निदान खऱ्यासाठी होतील.

मार्लिस: मी तुझ्यानंतर उभी राहीन. मलाही सांगायचंय, खिडकीतलं.

कोरिन: तुमची नोकरी आहे तिथे.

मार्लिस: अडुसष्ट वर्षांच्या बाईला काढून ते कुणाला आणणार? डेलला? त्याला स्वतःची पावती लिहिता येत नाही. पण सभेच्या आधी हासकडे जायला हवं. त्याने हे लोकांकडून ऐकायला नको.

कोरिन: मी जाते. एकटी.

मार्लिस: बरं. हा कागद मी फाडते.

कोरिन: मार्लिसबाई, मी दार लावून आत गेले. त्यानंतर तुम्ही बघत होतात?

मार्लिस: थोडा वेळ. काडी पेटत नव्हती.

कोरिन: रडत होती का? मी घाई केली तिला.

मार्लिस: छे गं. पायरी उतरली, पिशवी फिरवत फाटकापर्यंत गेली. मग वळली आणि हात हलवला.

कोरिन: कुणाला? तुम्हाला?

मार्लिस: नाही. मी तिला दिसत नव्हते. दाराला.