हात जमले नाही

यवतमाळच्या बसस्थानकावर रंजिता दिग्रसच्या गाडीची वाट पाहत बसली होती. कलादालनाच्या प्रदर्शनात तिचं चित्र निवडलं गेलं होतं. शेजारी बसलेल्या तानाबाईंचं परत आलं होतं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते चित्र त्यांचे यजमान नानाजी मांडीवर धरून होते.

“काय म्हणे तो परीक्षक?” नानाजींनी विचारलं.

“म्हणे, चेहरा चांगला उतरला, पण हात जमले नाही.”

“माह्ये हात?”

“मंग अजून कोणाचे? कापसाच्या ढिगावर तुमीच तं झोपले होते.”

“असेच हाय माह्ये हात. दाखवून येऊ काय त्याले?”

“बसा जी. खरंच बोलला तो. हातापाशीच मी अडकली होती.”

“मंग रडून काहून राह्यली?”

“वाईट वाटून नाही जी. पयल्यांदाच कोणी माह्या चित्रापाशी इतका वेळ उभं राह्यलं.”

रंजितानं हातातलं आपलं प्रमाणपत्र हळूच पिशवीत सरकवलं.

“घरी गेल्यावर हे चित्र ओसरीत लावू,” नानाजी म्हणाले.

“ओसरीत? तुमीच तं म्हणत होते, तोंड उघडं दिसते, लोकं हसतीन.”

“हसू दे. पुढच्या वर्षी पुन्हा काढजो. मी झोपतो.”

गाडी लागली. तानाबाई, नानाजी चढले, मागोमाग रंजिता. एकच बाक रिकामं उरलं होतं, खिडकीजवळचं, दोघांपुरतं; रंजिता दांडा धरून उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, “बाबा, ते गाठोडं डिक्कीत ठेवा.”

“नाही ठेवत, बाप्पा. माह्या बायकोनं काढलं हाय,” नानाजी म्हणाले. “ते बसंल तिच्याजवळ. मी उभा राह्यतो.”