घरच्यासारखं या!

कीर्तनाला मारुतीरायाच्या पुढ्यात बसलेल्या, खांबाला टेकून बसलेल्या आणि मागं चपलांवर डोळा ठेवून बसलेल्या समस्त मंडळींना माझा नमस्कार! पेटीकाका, सूर जरा वर घ्या — माझा आवाज आज खुशीत आहे!

मंडळी, आज एकच प्रश्न. कुणाला बोलावताना आपण काय म्हणतो? "संकोच करू नका हो, अगदी घरच्यासारखं या!" म्हणतो की नाही? सगळेच म्हणतो! आता मला सांगा — तो माणूस खरंच घरच्यासारखा आला, तर?

हसताय काय! अवघड प्रश्न आहे. आपण तोंडानं म्हणतो 'घरच्यासारखं या', आणि मनात काय असतं? या — पण इस्त्री करून या! केस विंचरून या! आणि येताना हात हलवत येऊ नका!

आता तर तशा नोकऱ्याही निघाल्यात म्हणे. गणवेश नाही, टाय नाही, काळे बूट नाहीत. कॅज्युअल! काय वाटेल ते घाला आणि कामाला या. आमच्या शाळेत रिबिनीचा रंग चुकला तरी पीटीचे सर मैदानाला फेरी मारायला लावतात — आणि तिकडे टी-शर्टवर पगार! पण 'काय वाटेल ते' म्हणजे किती? कुठवर? देवाच्या घरी हा घोळच नाही. आपले मारुतीराय बघा ना! एवढी मोठी नोकरी केली, आणि ड्रेस काय? लंगोट आणि शेंदूर! मालकानं कधी विचारलं का, "बाबा रे, तुझा शर्ट कुठाय?"

माणसाच्या घरी काय होतं, ते आता ऐका.

सांगलीत एक मालनकाकू होत्या. मालन भीमराव पाटोळे. भीमरावकाका एसटीत कंडक्टर, आणि काकू पेठेतल्या मोठ्या साडीच्या दुकानात काउंटरवर. दुकानातल्या सगळ्या बायकांना एकसारखी मोरपंखी साडी, तसाच ब्लाउज, खांद्यावर नावाची पट्टी. काकूंनी साडीचा पदर नुसता हातावर टाकला की गिऱ्हाईक पिशवी उघडायचं! असा हात होता.

आणि त्या हातावरच संकट आलं, मंडळी. काकूंना छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, केस परत आले — देवाची कृपा, बाई वाचली! पण उजवा हात सुजला. काहींना होतं म्हणे असं ऑपरेशननंतर. खांद्यापासून बोटांपर्यंत, हात नव्हे, लोड! ब्लाउजची बाही कोपराच्या वर सरकेना. शिवण उसवली, जादा कापडाची कळी घातली, दुसरा शिवला. नाहीच.

दुकानाचे मालक वाईट नव्हते हं. चहा पाजून म्हणाले, "मालनबाई, गिऱ्हाईक आधी विकणारीचा ब्लाउज बघतं, मग साडी. मी तरी काय करू?"

झालं! काकू घरी बसल्या. अंगात काय? गाऊन! आहाहा, गाऊन! महाराष्ट्रातल्या समस्त मातृशक्तीचं राष्ट्रीय वस्त्र! वरून ओढणी टाकली की भाजीवाल्यापर्यंत चालतो, दुधाच्या डेअरीपर्यंत चालतो. पण त्यापुढं? नाही चालत. म्हणून काकू त्यापुढं गेल्याच नाहीत. हळदीकुंकू बंद, लग्नकार्य बंद. "बरं नाही वाटत" असं सांगायच्या. बरं सगळं होतं हो! बाही तेवढी नव्हती.

अशात एक दिवस पेपरात जाहिरात आली. 'सावली' नावाचं घर. ज्यांना वयानं विसर पडतो, त्या आजी-आजोबांना सांभाळायचं. मदतीला बायका पाहिजेत. काकूंनी फोन लावला. तिकडून गौतमी मॅडम बोलल्या — त्या घराच्या प्रमुख.

काकूंनी पगार विचारला नाही. सुट्टी विचारली नाही. विचारलं काय? "मॅडम, कपडे कसले लागतात?"

"छे हो काकू! कपड्यांचं काही बंधन नाही आमच्याकडे. युनिफॉर्म बघून आजी-आजोबा घाबरतात. अगदी घरच्यासारखं या!"

"घरच्यासारखं? नक्की?"

"नक्की! घरच्यासारखं!"

मंडळी, त्या माउलीनं फोन ठेवला आणि देवापुढं साखर ठेवली. लोकांना नोकरीत बंगला मिळतो, गाडी मिळते. हिला बाही मिळाली!

सोमवारी सकाळी काकूंनी त्यातल्या त्यात नवा गाऊन काढला. गडद हिरवा, त्यावर बारीक पिवळी फुलं. कडक इस्त्री केली! ओढणी दोन्ही खांद्यांवरून नीट, उजवा हात झाकून. भीमरावकाका खाकी चढवत होते. बघतच राहिले.

"अगं, नोकरीला चाललीस का दळण आणायला?"

"मॅडमच म्हणल्या, घरच्यासारखं या."

"म्हणायला काय जातंय! आमचे साहेब पण म्हणतात, ही एसटी तुमचीच समजा. म्हणून मी ती घरी आणून लावू?"

काकू हसल्या. पण जिना उतरताना मनात एकच — हे जमलं तर जमलं. हे गेलं, तर मग ह्या गाऊनसकट कायमचं घरात.

'सावली'च्या दारात टेबलाशी शीतल बसली होती. अंगात छान पंजाबी ड्रेस, ओढणीला पिन. काकूंना बघून चटकन उठली, हात धरला. "या या काकू! सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही. एकटीच आले."

"एकट्या? अगं बाई! घरी माहितेय ना? बसा हं, घाबरू नका."

"घाबरू कशाला? मी कामाला आलेय."

शीतल गोड हसली. "हो हो! इथं सगळेच कामाला आलेत. ते आजोबा रोज कोर्टात आलेले असतात. मॅडम दुपारी येतील, तोवर तुम्ही बसा, चहा आणते."

आलं का लक्षात? शीतलला वाटलं, नवी पेशंट! आणि काकूंना काय वाटलं? पहिल्याच दिवशी बसायला खुर्ची, चहा, वर दोन बिस्किटं, शिवाय पाठीवरून हात! "काय प्रेमळ ऑफिस आहे!" काकू गहिवरल्या. दुसरा चहासुद्धा घेतला!

शेजारच्या खुर्चीत एक आजी होत्या. चिंध्याक्का मगदूम. बारीक, ताठ, नऊवारी नेसलेल्या. महिना झाला होता येऊन, पण जेवण? नाही म्हणजे नाही. ताट आलं की सरकवायच्या. दूध-केळ्यावर किती दिवस निघणार? अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

दुपार झाली. ताटं आली. शीतलनं घास पुढं केला, "अक्का, जेवून घ्या ना."

"पाहुणं जेवलं का?"

"कोण पाहुणे, अक्का? इथं कुणी पाहुणे नाहीत."

अक्कांनी ताट बाजूला सारलं. शीतल बिचारी डोळे पुसत दुसऱ्या आजींकडे गेली.

मंडळी, ऐका हं आता, इथं सगळी कथा वळते! अक्कांनी मान फिरवली. शेजारी बघितलं. हिरवा गाऊन, पिवळी फुलं, खांद्यावर ओढणी. आणि आजींचा चेहरा असा उजळला!

"आलीस व्हय गं? किती उशीर! किती पानं उठली?"

काकू गोंधळल्या. मग सावकाश हॉलभर नजर फिरवली. शीतलचा पंजाबी ड्रेस. एकीची जीन्स. एकीचा कडक कुर्ता. सगळ्या नीटनेटक्या, सगळ्या पिना लावलेल्या, सगळ्या बाहेर निघाल्यासारख्या. अक्कांच्या डोळ्यांना हे सगळे कोण? पाहुणे! आणि पाहुणे उभे असताना घरची बाई जेवायला बसेल का? सांगा की! ह्या देवळात बसलेल्या एका तरी आजी अशा बसल्यात का कधी? पंगती उठणार, भांडी उचलणार, मग आत चुलीपाशी घरच्या बायका उरलंसुरलं घेऊन एकत्र बसणार. अक्का जेवण नाकारत नव्हत्या हो. थांबल्या होत्या! महिनाभर आपली पाळी यायची वाट बघत होत्या!

काकूंना हे शिकायला कुठं जायला नको होतं. त्या स्वतः जन्मभर शेवटच्या पानावर जेवलेल्या. म्हणाल्या, "उठली सगळी, आत्याबाई. आपणच राहिलो. बसूया?"

"बस बाई. दमलीस. भाकरी कोरीच खाऊ नको, आमटी घे."

आणि अक्का जेवल्या! पहिली भाकरी, मग दुसरी अर्धी. मध्येच आपल्या ताटातली भाजी काकूंच्या ताटात ढकलली!

थांबा थांबा, टाळ्या वाजवू नका. संकट पुढंच आहे.

दारात गौतमी मॅडम उभ्या. "शीतल! अक्का जेवतायत? आणि ह्या कोण?"

"नव्या पेशंट, मॅडम. आपल्याला नोकरी लागलीय म्हणतात. मालन का काय..."

"मालन पाटोळे? अगं, त्या खरंच नोकरीला आल्यात!"

शीतलनं जीभ चावली. मॅडमनी गाऊन बघितला. गळ्यापासून पायापर्यंत बघितला — मंडळी, डोळे बोलतात ना! काकूंना कळलं. घरच्यासारखं म्हणजे इतकं नव्हतं म्हणायचं त्यांना.

काकू उभ्या राहिल्या. "चुकले मॅडम. उद्या साडीत या म्हणाल, तर..." आणि थांबल्या. ओढणी बाजूला केली. "हा हात कुठल्याच बाहीत जात नाही. म्हणून तुमचा शब्द मी शब्दशः धरला. येते मी."

तेवढ्यात अक्का कडाडल्या, "आता कुठं निघालीस? ताटावरनं उठतात व्हय? आणि त्या दारातल्या पाहुणीला पाणी दे आधी!"

पाहुणी कोण? प्रमुख मॅडम!

गौतमी मॅडम हसल्या. त्यांनी काकूंना खांद्याला धरून खाली बसवलं. "काकू, जेवण पुरं करा. महिना झाला आम्ही ह्या घरात पाहुणे होतो, आम्हाला कळलंच नाही. उद्या असंच या. आणि एक सांगा — हे गाऊन मिळतात कुठं?"

दुसऱ्या आठवड्यापासून 'सावली'त दुपारी बघावं, तर शीतल ड्रेसवरून गाऊन चढवतेय! एका मॅडमनी तर लेबलसकट घातला! सगळं सोपं झालं असं नाही हं. काही दिवशी अक्का कुणालाच ओळखत नसत. पण नळी लागली नाही.

आणि त्या पहिल्या संध्याकाळी? काकू घरी आल्या. पाय धुतले, तोंड धुतलं. आपण बाहेरून आलो की काय करतो? कपडे बदलतो. काकूंचा हात सवयीनं खुंटीकडे गेला आणि हवेतच थांबला. बदलायचं काय? अंगावर घरचेच कपडे होते! भीमरावकाका आत आले, तर बायको भिंतीला टेकून हसतेय, आणि गालावरून पाणी वाहतंय.

"काय झालं गं? काढलं कामावरनं?"

"नाही ओ," काकू म्हणाल्या, "ठेवून घेतलं. आहे तशी ठेवून घेतलं."

आहे तशी! मंडळी, देवाचे उपकार याहून वेगळे काय असतात? आपण सगळे इथं तसेच तर बसलोय — उसवलेले, सुजलेले, कुणाचं काय झाकलेलं — आणि त्यानं ठेवून घेतलंय!

आता तुमच्याकडे वळते, सुटका नाही! उद्या महाप्रसाद. मागच्या खोलीत पीठ मळणाऱ्या, मसाल्याचे डाग पडलेल्या आयाबाया कितव्या पंगतीला बसणार? पहिल्या! वाढायला कोण? तिकडे मोबाइलवर बोट फिरवणारी माझी सगळी भावंडं! मला काय बघता? मीही वाढणार!

आणि दुसरं. समोरच्या माडीवर, कठड्याआड गाऊनवरच उभं राहून एक काकू सप्ताहभर कीर्तन ऐकतायत. नाव नाही घेत. रोज हात जोडतात, रोज तिथंच थांबतात. का थांबतात, ते आज तुम्हा सगळ्यांना कळलं. काकू, आज मी तुम्हाला नुसतं तोंडानं नाही म्हणत — या! आहात तशा या! कुणी वळून बघणार नाही. काय मंडळी, बघणार का?

बघा, कठड्याशी कुणी नाही आता. आत गेल्या?

नाही... जिना वाजतोय! पेटीकाका, सूर धरून ठेवा. आणि पुढच्या ओळीतल्या आज्यांनो, जरा सरका — घरचं माणूस येतंय!